मूळ गाव सांगा, पणजोबा सापडतील

त्र्यंबकेश्वराला कुशावर्तावर आंघोळ उरकून एखादं कुटुंब गुरुजींच्या ओसरीवर येऊन टेकतं. गुरुजी आडनाव विचारतात, मग मूळ गाव. घरातला कर्ता सांगतो, "डोंबिवली." गुरुजी म्हणतात, "ते आत्ताचं झालं. मूळ?" जरा कुजबुज होते, कुणीतरी चुलत्यांना फोन लावतं आणि तालुक्यासकट गावाचं नाव मिळतं. गुरुजी आत जातात, कापडात बांधलेली जाडजूड वही घेऊन येतात, पानं चाळतात आणि वाचायला लागतात. शके १८७८, सिंहस्थात आले होते. पणजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं, त्यांच्याही वडिलांचं. तीन भाऊ. सोबत आई होती, तिचं नाव. खाली पणजोबांची वळणदार सही. तीन भावांपैकी एकाचं नाव या कुटुंबात कुणी ऐकलेलंही नसतं.

चहा येण्याआधीच वहीतलं पान सापडलेलं असतं. पाहणाऱ्याला वाटतं, काय स्मरणशक्ती आहे या माणसाची! पण तिथे स्मरणशक्तीचा भाग फारच थोडा असतो. शके १८७८ म्हणजे १९५६ साल. ती नोंद लिहून घेणारे गुरुजी आता नाहीत आणि आत्ता वाचणाऱ्या गुरुजींचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. कामाला येते ती मांडणी.

या वहीला आपल्याकडे नामावळी म्हणतात. उत्तरेत ती बही. ती सांभाळणारे तीर्थोपाध्याय नाशिक-त्र्यंबकला आहेत, काशी, प्रयाग, गया, हरिद्वारला पंडे आहेत. धंदा म्हणून पाहिलं (आणि तो धंदाही आहेच, दक्षिणेवर घरं चालतात) तर यातली अडचण अफाट आहे. तुमचा यजमान पिढीतून एकदा येणार, कदाचित चाळीस वर्षांनी. जो आला होता तो पुन्हा येणार नाही, त्याचा मुलगा किंवा नातू येईल. तो कधी येणार हे ठाऊक नाही. तो येईल तेव्हा तुम्ही असाल की तुमचा पुतण्या, तेही ठाऊक नाही. आणि येईल तो बहुधा दुःखात असेल, हातात अस्थींचा कलश असेल. अशा माणसाला "तुमचे आजोबा आमच्याकडेच उतरले होते" असं खात्रीने सांगता आलं पाहिजे. जिव्हाळ्याची सगळी मदार एका नोंदीवर.

म्हणून पहिला प्रश्न येतो की ही नोंद लावायची कशी. तारखेप्रमाणे लावली तर शोधता येणार नाही, कारण पणजोबा कुठल्या साली आले होते हे पणतूला माहीत नसतं. नुसत्या आडनावाने लावली तर पाटील, जाधव, शिंदे यांचे ढीग होतील. राहत्या पत्त्याचा तर उपयोगच नाही. तीर्थोपाध्यायांनी निवडलं ते मूळ गाव, आणि त्याखाली जात व आडनाव. माणूस गिरणीत नोकरीला परळला जातो, मुलगा डोंबिवलीत फ्लॅट घेतो, नातू न्यू जर्सीला पोचतो. पण 'मूळचे कुठले' या प्रश्नाला तिघांचं उत्तर एकच असतं. हजार गोष्टी बदलणाऱ्या माणसात न बदलणारी एक गोष्ट हेरायची आणि सगळी रचना तिच्यावर उभी करायची, हे ज्या कुणाला पहिल्यांदा सुचलं त्याचं नाव कुठल्याच वहीत नाही.

गावही बदलतं म्हणा. जिल्हे तुटतात. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये रत्नागिरीतून निघाला, लातूर १९८२ मध्ये उस्मानाबादेतून, पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून. उस्मानाबादचं स्वतःचं नाव आता धाराशिव आहे. वहीला याचं काही वाटत नाही. तिच्यात गाव ज्या नावाखाली पहिल्यांदा लिहिलं गेलं तिथेच ते राहतं. कोयनेच्या आणि उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या गावांची माणसं चहूकडे पांगली, पुनर्वसनाच्या गावठाणांना नवी नावं मिळाली. पण त्या घरांच्या नामावळीत जुनं गाव मथळा म्हणून जसंच्या तसं उभं असतं, आणि नातवाला स्वतःचं पान गाठायचं तर त्याच बुडालेल्या गावाचं नाव घ्यावं लागतं.

आता नोंदीत काय लिहायचं? हे ठरवणं उपाध्यायांच्या हातात नव्हतं, ते विधीनेच ठरवून दिलं आहे. श्राद्धात पिंड देताना तीन पिढ्यांची नावं घ्यावी लागतात. वडील, आजोबा, पणजोबा. शास्त्राने या तिघांना वसू, रुद्र आणि आदित्य यांची रूपं दिली आहेत. त्यांच्या जोडीला आई, आजी, पणजी. शिवाय आईचे वडील, आजोबा, पणजोबा. प्रत्येकाचं नाव आणि गोत्र. संकल्प सोडताना हातात दर्भ आणि पाणी घेऊन माणूस अडतो तो नेमका इथे. आजोबांपर्यंत गाडी ठीक चालते, पणजोबांना खोकत-खाकरत पोचते, पणजीचं नाव विचारलं की सगळे एकमेकांकडे पाहतात. वहीतले रकाने याच अडखळण्यातून निघालेले आहेत. पुढच्या खेपेला ज्याची गरज पडणार तेच या खेपेला लिहून घ्यायचं.

मला सर्वांत थक्क करते ती यापुढची सोय. माहिती नसेल तर? परंपरेने त्याचीही तजवीज करून ठेवली आहे. गोत्र ठाऊक नाही, तर काश्यप म्हणा. मृत्यूची तिथी ठाऊक नाही, तर सर्वपित्री अमावास्येला श्राद्ध करा. ज्यांचं नावच हाती लागत नाही, त्यांनाही ज्ञात-अज्ञात पितरांमध्ये धरून तिलांजली देता येते. एकाही रिकाम्या रकान्यामुळे विधी अडून राहत नाही. सरकारी कचेरीत एका कागदावाचून आठवडाभर हेलपाटे घालणाऱ्या माणसाला यातली माया चटकन कळेल.

नोंद करण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. शक्यतो यजमानाने स्वतःच्या हाताने लिहायचं. लिहिता येत नसेल तर गुरुजी लिहितात आणि खाली निशाणी किंवा अंगठा घेतात. कोण आलो, कुठून, कशासाठी, सोबत कोण होतं, घरात कोण कोण आहे. आणि शेवटी एक वाक्य, ज्याचा अर्थ सगळीकडे जवळपास सारखाच असतो: आमच्या वंशातला जो कोणी या क्षेत्री येईल त्याने यांनाच उपाध्याय मानावं. हे वाक्य वाचलं की वहीचा दुसरा चेहरा दिसतो. यजमानासाठी ती वंशावळ असते, पण उपाध्यायाच्या दृष्टीने तो सातबाराच. कुठल्या घरावर कुणाचा हक्क, याचा लेखी आणि सहीनिशी पुरावा. दुसऱ्या कुणी यजमान पळवायचा प्रयत्न केला तर वही उघडून दाखवायची.

हा हक्क किती पक्का समजला जाई? भावाभावांत वाटण्या व्हायच्या तेव्हा घरदार आणि भांडीकुंडी यांच्या जोडीला वह्याही वाटल्या जात. गावं आणि कुळं वाटून घ्यायची, त्याप्रमाणे वह्या फोडायच्या किंवा नकलून घ्यायच्या. ही वृत्ती, म्हणजे हा हक्क, गहाण पडे, विकलीही जाई. एकोणिसाव्या शतकात अशी भांडणं मुंबई हायकोर्टापर्यंत गेली आणि वंशपरंपरेने चालत आलेला पौरोहित्याचा हक्क ही धर्मशास्त्राच्या दृष्टीने स्थावर मालमत्ता आहे, असं न्यायालयाने मान्य केलं. ना जमीन, ना घर, तरी स्थावर! वह्या इतक्या निगुतीने का सांभाळल्या गेल्या याचं उत्तर इथे मिळतं. आजोबांविषयीचा आदर वगैरे असेलही, पण वाळवी, ओल आणि उंदीर यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्या झुंजायला आदर पुरत नाही. पानं विरली की नवी नक्कल करायची, कापड बदलायचं, पेटी उंचावर ठेवायची. पोट त्यावर असल्यामुळे हे झालं, असं मला वाटतं, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

शोध लवकर लागतो तो दोन टप्प्यांच्या व्यवस्थेमुळे. दुकानदार रोजच्या उलाढाली रोजकीर्दीत टिपतो आणि मग प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावाने खतावणीत चढवतो. तसंच इथे आहे. यजमान येईल तशी नोंद होते आणि ती मग त्या गावाच्या, त्या कुळाच्या पानाशी जोडली जाते. हरिद्वारच्या पंड्यांकडे तर वह्यांची सूची म्हणून वेगळी वहीच असते. गावाचं नाव सूचीत पाहायचं, तिथून मूळ बही गाठायची. या बह्या लांबट आणि चिंचोळ्या असतात, गुंडाळून दोरीने बांधता येतात, आणि त्यांत देवनागरी, गुरुमुखी, उर्दू, टाकरी अशा लिप्या एकमेकींना खेटून बसलेल्या दिसतात.

आणि आपला पंडा कोण हे यात्रेकरूला कसं कळणार? प्रयागला माघमेळ्यात त्याची युक्ती आकाशात फडकत असते. प्रत्येक प्रयागवालाच्या, म्हणजे तिथल्या पंड्याच्या, झेंड्यावर निराळं चिन्ह, कुणाचा हत्ती, कुणाचा मासा. अक्षर न ओळखणारी आजी लाखोंच्या गर्दीत चिन्ह धरून आपल्या तंबूशी पोचते, कारण तिच्या सासूने तिला तेवढंच सांगून ठेवलेलं असतं. उत्तरेतले पंडे स्वतःही फिरतीवर निघत. यजमानांच्या गावी जायचं, गंगाजल द्यायचं, दक्षिणा घ्यायची आणि घरात कोण जन्मलं, कोण गेलं ते टिपून आणायचं. आपल्याकडे कोल्हापूर-बेळगावच्या बाजूला हेळवी येतात तेही याच जातकुळीचे. दारात उभं राहून घराण्याची वंशावळ वाचून दाखवायची आणि धान्य-पैसा घेऊन पुढच्या घरी जायचं.

या वह्यांनी एकदा भारतीय चित्रकलेचा इतिहास बदलला. ती हकीकत जरा सविस्तर सांगायला हवी. हिमालयाच्या पायथ्याच्या पहाडी संस्थानांत अठराव्या शतकात जी नाजूक लघुचित्रं तयार झाली, त्यांच्या चित्रकारांविषयी फारच थोडी माहिती होती. सह्या जवळजवळ नाहीत. अभ्यासक चित्रांची वर्गवारी संस्थानांप्रमाणे करत: ही गुलेर शैली, ती कांगडा शैली. ब्रजेंद्रनाथ गोस्वामी नावाचे एक तरुण अभ्यासक होते. आयएएसमध्ये दाखल झाले आणि दोन वर्षांत, १९५८ साली, ती नोकरी सोडून कलेच्या इतिहासाकडे वळले. त्यांच्या मनात आलं की चित्रकारांनी सह्या केल्या नसतील चित्रांवर, पण बापाच्या अस्थी घेऊन ते हरिद्वारला तर गेलेच असतील.

मग ते पंड्यांच्या बह्या उलगडत बसले. तिथे त्यांना मांडणीच्याच नियमाने शोधावं लागलं. 'चित्रकार' असा मथळा बह्यांत नव्हता. ही घराणी जातीने तरखाण, म्हणजे सुतार. म्हणून गाव गुलेर, जात तरखाण, अशा वाटेने जायचं. त्या वाटेवर भेटला १७३६ साली हरिद्वारला आलेला माणकू, शेऊचा मुलगा. पुढे त्याचा धाकटा भाऊ नैनसुख. नैनसुखचा आश्रयदाता जसरोट्याचा राजा बलवंतसिंह १७६३ साली वारला, तेव्हा त्याच्या अस्थी घेऊन नैनसुख हरिद्वारला आला. पंड्याने बही पुढे केली. त्याने नेहमीप्रमाणे वंशावळ लिहिली, आणि हात चित्रकाराचा असल्यामुळे त्या पानावर एक रेखाचित्रही काढून ठेवलं. दोनशे वर्षं ते यजमानांच्या यादीत निपचित पडून होतं.

अशा नोंदी जोडत गोस्वामींनी या चित्रकारांचे वंशवृक्ष उभे केले आणि १९६८ मध्ये 'मार्ग' नियतकालिकात लेख लिहून मांडलं की शैली ही संस्थानाची नसून घराण्याची आहे. एकाच घरातले भाऊ-पुतणे वेगवेगळ्या दरबारांत गेले आणि हात मात्र घरचाच राहिला. आपण गाण्यात घराणं मानतो, त्यामुळे मराठी वाचकाला हे ऐकून नवल वाटणार नाही. नवल आहे ते पुरावा कुठे निघाला याचं. दक्षिणेच्या हिशेबासाठी ठेवलेल्या वहीत!

१९४७ नंतर याच बह्यांना आणखी एक काम आलं. लाहोर, मुलतान, सियालकोटकडची हिंदू कुटुंबं दिल्लीत येऊन पडली. घरं गेली, कागद गेले, गावच परक्या देशात गेलं. पण हरिद्वारच्या पंड्याकडे ते गाव जागेवर होतं, आणि आजही त्या गावाचं नाव सांगितलं की पान निघतं. वारसाहक्काच्या खटल्यांतही या नोंदी न्यायालयांपुढे आल्या आहेत. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम ३२ खाली तत्त्व होतं की नात्याविषयीचं विधान वाद उपस्थित होण्याआधी केलेलं असेल तर ते विचारात घेता येतं. गंगेच्या काठी उभं राहून भावांची नावं लिहिणाऱ्या माणसाच्या डोक्यात तीस वर्षांनी होणारा जमिनीचा दावा नसतो, म्हणून त्याच्या लिहिण्याला वजन.

अमेरिकेतल्या युटा राज्यात सॉल्ट लेक सिटीला १८९४ मध्ये स्थापन झालेली वंशावळींची एक संस्था आहे. तिने हरिद्वार, कुरुक्षेत्र, पेहोवा अशा ठिकाणच्या कित्येक बह्यांच्या मायक्रोफिल्म करून नेल्या. ही संस्था मॉर्मन चर्चची. त्यांच्यात मृत पूर्वजांच्या वतीने वंशजांनी बाप्तिस्मा घेण्याचा विधी आहे आणि त्यासाठी पूर्वजांची नावं नक्की लागतात. म्हणजे गंगेपासून अर्ध्या पृथ्वीपलीकडे आणखी एक समाज त्याच अडचणीत सापडला होता: विधी करायचा आहे, पणजोबांचं नाव पाहिजे. त्या संस्थेने जगभरच्या आपल्या सगळ्या फिल्मचं डिजिटल रूपांतर २०२१ मध्ये पुरं केलं. अनेक पंडे मात्र वह्यांना कॅमेरा लावू द्यायला आजही नाखूश असतात. सातबारा कोण फुकट वाटेल?

या मांडणीचं कौतुक करताना तिच्यात कोण नाही हेही पाहायला हवं. आई, आजी, पणजी येतात, कारण पिंडाला त्यांची नावं लागतात. पण येतात त्या सासरच्या नावाने, आणि आपल्याकडे लग्नात मुलीचं पाळण्यातलं नावही बदलत असे. लेकी बहुधा गाळलेल्याच असतात. त्या दुसऱ्या कुठल्या तरी गावाच्या पानावर, दुसऱ्या नावाने, सून म्हणून उगवतात. मथळ्याला जात असल्यामुळे जातीची भिंत पानापानावर चिणलेली आहे. २०२३ पासून महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा लोकांची नजर या नामावळींकडेही वळली, ती याचमुळे.

आणि हक्काची जुलुमी बाजूही होती. तीर्थावर नव्हे, पण गावात ग्रामजोशी असाच वंशपरंपरेने हक्कदार असे. लग्न त्याच्याकडून लावून न घेताही दक्षिणा त्याची लागू, असा दावा तो करू शके. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि पुरोहिताशिवाय लग्नं लावायला सुरुवात झाली, तेव्हा असे दावे प्रत्यक्ष कोर्टात लढले गेले. मुंबई इलाख्यात ग्रामजोशांचा हा न बोलावताच दक्षिणा मागण्याचा हक्क संपायला १९२६ चा कायदा यावा लागला.

आज गुरुजींपुढची अडचण निराळी आहे. नारायण नागबळीच्या विधीला तीन दिवस लागतात, पितृपक्ष पंधरवड्यात संपतो, फोन दिवसभर वाजतो. मुहूर्त, मुक्काम, जेवणाची पानं, साहित्याची यादी हे सगळं मोबाइलवर चालतं. काही घरांतल्या मुलांनी नोंदी संगणकावर चढवायला घेतल्या आहेत. त्यांना खरी धाप लागते ती जुन्या वह्यांशी, कारण त्यांत मोडी आहे आणि घरात मोडी वाचणारे एखादे आजोबाच उरलेले असतात. त्यात २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलेला.

तेव्हा किंवा एरवीही जाणार असाल तर निघण्याआधी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाशी अर्धा तास बोला. मूळ गाव, जुना तालुका आणि पणजोबांचं नाव एवढं मिळालं तरी गुरुजींचं काम होतं. पान सापडलं की फोटो काढायची परवानगी मागून पाहा. स्वतःची नोंद करताना लेकींची नावं सांगा, त्यांच्या सासरच्या गावांसकट. गुरुजी लिहून घेतात, नाहीतर वही पुढे सरकवून तुम्हालाच लिहायला सांगतात. गाव मात्र पूर्ण लिहा: वाडी, मौजे, तालुका, जिल्हा, आणि जिल्ह्याचं नाव बदललं असेल तर जुनंही.